सॉकेटपासून सुरुवात

कृत्रिम पाय लावून कोणी चालू लागलं की बघणाऱ्याचं लक्ष पावलाकडे जातं. या विद्येत शिरणाऱ्याने मात्र आधी सॉकेटकडे पाहावं. कापल्यानंतर उरलेला पाय ज्या पोकळीत बसतो, ते सॉकेट. ते टोचलं, तर महागातला महाग पायही घराच्या कोपऱ्यात पडून राहतो.

गुडघ्याखालच्या पायाचं माप घेताना पातळ मोजा चढवून त्यावर ओलाव्याने उमटणाऱ्या पेन्सिलीने खुणा करतात: गुडघ्याची वाटी, तिच्याखालची कंडरा, नडगीची धार, बाहेरच्या बाजूला वर आलेलं हाडाचं टोक. वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या की त्या खुणा साच्याच्या आत उतरतात आणि पुढे साच्यात ओतलेल्या ठोकळ्यावरही येतात. मग खरं काम सुरू होतं. कंडरा दाब सोसते, म्हणून तिथे ठोकळा कानशीने तासायचा. नडगीची धार आणि ते टोक दाब सोसत नाहीत, म्हणून तिथे प्लास्टरची भर घालायची. किती तासायचं, याचे आकडे पुढे दिले आहेतच. पण समोरच्या माणसाचं मांस किती मऊ आहे, हे बोटांनीच कळतं.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. पुण्यातलं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचं, तर मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ची. तरीही मला सर्वांत मोठा धडा वाटतो तो जयपूरचा. परदेशी धाटणीच्या पायाला बूट लागायचा. तो घालून उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना, चिखलात अनवाणी जाता येईना. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस रबराचा पाय घडवला, तो या अडचणी डोळ्यांसमोर ठेवूनच. एक शस्त्रक्रियातज्ज्ञ, दुसरा हातात कसब असलेला. दोघांपैकी एकट्याला हे जमलं नसतं.

आज साडेचार वर्षांची पदवी आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी असा रीतसर मार्ग आहे. त्यात कृत्रिम अवयवांइतकंच महत्त्व ब्रेस, कॅलिपर यांना आहे. जन्मतः आत वळलेलं पाऊल प्लास्टरने सरळ केलं, तरी पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि नंतर साधारण चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत, बाळाला ब्रेस घालावा लागतो. लेकरू रडतंय, आज राहू दे, असं आजी म्हणते. ब्रेस सुटला की पाऊल पुन्हा वळू लागतं. त्या आजीशी कसं बोलावं, यासाठी या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण ठेवलं आहे.