महाराष्ट्रातील यकृत व स्वादुपिंड कर्करोग संशोधन

महाराष्ट्रातील यकृत व स्वादुपिंड कर्करोग संशोधन हे मुख्यतः मुंबईतील टाटा मेमोरियल सेंटर, बार्शी येथील ग्रामीण कर्करोग नोंदणी आणि राष्ट्रीय कर्करोग ग्रिड यांच्या आधाराने विकसित झाले आहे. या दोन्ही कर्करोगांचे निदान बहुधा उशिरा होते. त्यामुळे रुग्णांची अचूक नोंद, कुशल शल्यचिकित्सक, संशोधनपद्धतीचे शिक्षण आणि परदेशी संस्थांशी सहकार्य या चार गोष्टींना या क्षेत्रात विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

ल्याँ (फ्रान्स) येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाबाबत हे आकडे अनुक्रमे सुमारे ५ लाख ११ हजार व ४ लाख ६७ हजार असे होते. रुग्णसंख्या व मृत्युसंख्या यांतील अल्प अंतरावरून या रोगांची तीव्रता स्पष्ट होते.

हिपॅटायटिस बी व सी विषाणूंचा दीर्घकालीन संसर्ग, मद्यपान, यकृतातील मेदवृद्धी आणि बुरशी लागलेल्या भुईमूग वा मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष ही यकृताच्या कर्करोगाची प्रमुख कारणे आहेत. स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी धूम्रपान, स्थूलता, मधुमेह, स्वादुपिंडाचा जुनाट दाह व आनुवंशिकता यांचा संबंध आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे असल्याने त्यातील गाठ सुरुवातीस जाणवत नाही. गाठीमुळे पित्तनलिका दाबली गेल्यास कावीळ होते. ग्रामीण भागात काविळीवर झाडपाल्याचे औषध घेण्याची प्रथा आहे. अशा रुग्णाचे निदान त्या काळात आणखी लांबते.

संस्थात्मक इतिहास

टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्‌घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत झाले. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक होते. १९६२ मध्ये रुग्णालय व केंद्र यांची जबाबदारी अणुऊर्जा विभागाकडे आली. १९६६ मध्ये दोहोंचे एकत्रीकरण होऊन टाटा मेमोरियल सेंटर अस्तित्वात आले. प्रयोगशाळेतील संशोधनासाठी या संस्थेचे स्वतंत्र केंद्र नवी मुंबईत खारघर येथे आहे.

कर्करोग नोंदणी

एखाद्या ठरावीक भूभागातील प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद ठेवणे यास लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी म्हणतात. भारतीय कर्करोग सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत अशी देशातील पहिली नोंदणी सुरू केली.

१९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तिच्या क्षेत्रात बार्शीसह परांडा व भूम तालुक्यांतील गावे होती. ग्रामीण भागातील अनेक रुग्ण रुग्णालयात पोहोचतच नसत, म्हणून कार्यकर्ते गावोगावी जाऊन लक्षणांची चौकशी करत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी प्रवृत्त करत.

यकृताच्या कर्करोगाची नोंद विशेष अवघड असते. इतर अवयवांचे कर्करोग बहुधा यकृतात पसरतात. ऊतीची तपासणी न झाल्यास अशी दुय्यम गाठ मूळ यकृताचीच समजली जाण्याचा संभव असतो.

शस्त्रक्रिया

स्वादुपिंडाच्या अग्रभागातील गाठीसाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेस अमेरिकी शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांच्या नावावरून व्हिपल शस्त्रक्रिया म्हणतात. तीत स्वादुपिंडाचा अग्रभाग, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय व पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेले भाग पुन्हा जोडतात. स्वादुपिंड व आतडे यांच्या जोडातून पाचकरस झिरपणे हा यातील मोठा धोका होय.

पूर्वी प्रत्येक रुग्णालय अशा झिरपण्याची व्याख्या आपापल्या परीने करत असे. परिणामी निष्कर्षांची तुलना करता येत नसे. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने समान व्याख्या दिली. या जोडाच्या पद्धतींविषयी अभ्यासगटाचे निवेदन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. टाटा मेमोरियलचे डॉ. शैलेश श्रीखंडे त्याचे प्रथम लेखक होते. कोणतीही एक पद्धत निर्विवादपणे श्रेष्ठ ठरलेली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

संशोधनक्षमता व आंतरराष्ट्रीय सहकार्य

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे नोंदणीविषयक प्रादेशिक केंद्र टाटा मेमोरियल सेंटरमध्ये असून तेथून आशियातील अन्य देशांच्या नोंदणी केंद्रांनाही प्रशिक्षण व साहाय्य मिळते. ग्रामीण भागात मोठे संशोधन शक्य असल्याचे याच दोन संस्था व बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय यांनी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात दाखवून दिले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीच्या या चाचणीत १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

२०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग ग्रिडची स्थापना झाली. देशभरातील कर्करोग रुग्णालये त्याद्वारे समान उपचारसूत्रे, शिक्षण व संशोधन यांसाठी एकत्र आली. २०१५ पासून भरणाऱ्या ‘क्रेडो’ कार्यशाळेत तरुण डॉक्टर आपल्या मनातील संशोधनप्रश्न घेऊन येतात आणि देशी-विदेशी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली त्याचा संपूर्ण आराखडा तयार करतात.

प्रतिबंध

हिपॅटायटिस बी लसीमुळे यकृताच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण टाळता येते. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांचे व्यापक लसीकरण सुरू केल्यानंतर तेथील मुलांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण घटले. भारतात ही लस २००२–०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू होऊन २०११–१२ पर्यंत देशभर लागू झाली. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी अशी लस नाही.

मर्यादा

तज्ज्ञ शल्यचिकित्सक व चाचण्या मोठ्या शहरांत एकवटल्या आहेत. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणच्या रुग्णास मुंबईतील चाचणीत सहभागी व्हायचे असल्यास प्रवास, निवास व बुडणारी मजुरी यांचा भार सोसावा लागतो. पुढील तपासण्यांस तो येऊ शकला नाही तर त्याची माहिती अपुरी राहते. परिणामी संशोधनाचे निष्कर्ष प्रामुख्याने शहरापर्यंत पोहोचू शकणाऱ्या रुग्णांवर आधारलेले असतात व ते ग्रामीण रुग्णांना कितपत लागू पडतात हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. म्हणून जिल्हा पातळीवरील निदान, नोंदणी व पाठपुरावा हे या क्षेत्रातील संशोधनक्षमतेचे आवश्यक अंग ठरते.

हेही पाहा

कर्करोग
यकृत
स्वादुपिंड
टाटा मेमोरियल सेंटर