कॉर्बेटने वाघिणीच्या तोंडात काय पाहिलं?

 

आजचा माणूस तुम्हाला नावाने नक्की माहीत असणार. उत्तराखंडात त्याच्या नावाचं नॅशनल पार्क आहे आणि अर्ध्या व्हॉट्सॲप ग्रुपचे तिथले जीप सफारीचे फोटो तुम्ही पाहिलेत. जिम कॉर्बेट. मीही बरीच वर्षं समजत होतो की हा कुणी जंगलखात्याचा साहेब असणार. तो जंगलखात्यात नव्हताच. रेल्वेत माल उतरवण्या-चढवण्याचा कंत्राटदार होता.

पण सुरुवात १९०७ पासून करू, कुमाऊंमधल्या चंपावतपासून. एका वाघिणीने तिथे दहशत माजवलेली. आधी ती नेपाळात होती. तिथे तिने २०० माणसं मारल्याचं सांगतात, मग हाकलली गेली ती कुमाऊंत आली आणि इथे आणखी २३६. एकूण ४३६. (२०० हा आकडा जरा जास्तच गोल आहे, नाही का? मी तो अंदाज म्हणूनच धरतो.) कॉर्बेट तेव्हा ३१ वर्षांचा. याआधी त्याने नरभक्षक मारलेला नव्हता. काम घेताना त्याने दोन अटी घातल्या: सरकारने लावलेलं बक्षीस रद्द करायचं आणि बाकीच्या सगळ्या शिकाऱ्यांना परत बोलवायचं. एक तर बक्षिसासाठी आलोय असं कुणी म्हणायला नको, आणि दुसरं म्हणजे झाडीत चुकून कुणाची गोळी आपल्याला लागायला नको.

पाली नावाच्या गावात तो पोचला तेव्हा लोक पाच दिवस दार लावून घरात बसलेले. शेतात जायची हिंमत नाही, पाण्याला जायची नाही. पुढे चंपावतजवळ वाघिणीने एका सोळा वर्षांच्या मुलीला नेलं. दुसऱ्या दिवशी तहसीलदाराने गावोगावची माणसं गोळा केली, जवळपास तीनशे, आणि डोंगरावरून हाका घातला. ढोल, पत्र्याचे डबे, जुन्या बंदुका, जे मिळेल ते वाजवत. वाघीण समोर आली, कॉर्बेटच्या गोळ्या लागल्या, पण ती पडेना आणि त्याच्याकडची काडतुसं संपली. शेवटी तहसीलदाराची बंदूक धावत जाऊन आणली, आणि तीही इतकी खिळखिळी की नेम एकीकडे, गोळी दुसरीकडे. तरी वाघीण मेली.

सिनेमा असता तर इथे गाणं लागलं असतं. कॉर्बेटने मात्र तिचं तोंड उघडून पाहिलं. उजव्या बाजूचे वरचे-खालचे दोन्ही सुळे तुटलेले. वरचा अर्धा, खालचा तर थेट हाडापर्यंत. जुन्या गोळीची जखम. म्हणजे कधीतरी कुणीतरी तिच्यावर बंदूक चालवली, ती मेली नाही, आणि मग तिला सांबर-भेकर धरणं जमेना. माणूस मात्र धरता येतो. ना शिंगं, ना वेग.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात रात्री तीनला सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टम लिहावं लागतं. ‘कोणी केलं’ हे नाही लिहायचं, ‘कशामुळे झालं’ हे लिहायचं. मी यातले बरेच लिहिलेत आणि खरं सांगतो, ‘रीस्टार्ट केलं, चालू झालं’ एवढ्यावर थांबायचा मोह प्रचंड असतो. कॉर्बेट तिथे थांबत नाही, म्हणून मला तो आवडतो. जनावर मेलं की त्याचं खरं काम सुरू होतं.

मुक्तेश्वरची वाघीण घ्या. २४ माणसं मारली तिने. कारण? साळिंदर. त्याच्याशी झटापटीत तिचा एक डोळा गेला आणि पन्नासेक काटे पुढच्या पायात आणि पंजात रुतले. दुखत होतं म्हणून ती गवतात पडून होती. एक बाई गवत कापत कापत अगदी जवळ आली, वाघिणीने एक तडाखा मारला. बाई जागीच गेली. वाघिणीने तिला खाल्लंसुद्धा नाही. लंगडत पुढे गेली, एका पडलेल्या झाडाखाली लपली. दोन दिवसांनी त्याच झाडाची लाकडं काढायला एक माणूस आला. त्यालाही मारलं, आणि यावेळी थोडं खाल्लं. तिसरा बळी तिने ठरवून घेतला. हा क्रम कॉर्बेट इतक्या शांतपणे मांडतो की वाघीण राक्षस वाटायची बंद होते, आणि त्या दोन माणसांचं दुःखही कमी होत नाही. दोन्ही एकत्र सांभाळणं अवघड आहे, करून बघा.

रुद्रप्रयागचा बिबट्या तर आपल्या पिढीला जास्तच कळेल. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेच्या वाटेवर १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षं तो होता. सरकारी हिशोबात १२५ बळी. आता १९१८ म्हणजे काय? इन्फ्लुएन्झाची साथ. बिबटे माणूस का खायला लागतात, याचं कॉर्बेटचं उत्तर साथीत आहे. एरवी मृतदेह नदीकाठी नेऊन दहन करायचे. साथीत इतके मृत्यू झाले की खांदा द्यायला माणसं उरली नाहीत. मग मृताच्या तोंडात निखारा ठेवायचा आणि देह डोंगरकड्यावरून खाली सोडायचा. बिबट्यांना आयतं अन्न मिळालं, आणि साथ ओसरल्यावर अन्न बंद झालं तरी चव राहिली. कोविडची दुसरी लाट पाहिलेल्या माणसाला इथे पुस्तक मिटून जरा बसावंसं वाटतं. मला वाटलं.

मे १९२६ मध्ये गोलाबराय इथे, आंब्याच्या झाडावर बसून, खाली गळ्यात घंटा बांधलेली बकरी ठेवून कॉर्बेटने तो बिबट्या मारला. रात्री घंटा वाजली, टॉर्च लावला, एकच गोळी, आणि टॉर्च बंद पडला. लागली की नाही हे कळायला सकाळ उजाडावी लागली. उजेडात दिसला तो एक म्हातारा बिबट्या. त्याने गुन्हा केला तो माणसाच्या कायद्याचा, निसर्गाच्या नव्हे, अशा अर्थाचं कॉर्बेट लिहितो.

आता हा माणूस कोण, ते पटकन. जन्म नैनितालचा, २५ जुलै १८७५. वडील पोस्टमास्तर, ते मुलगा लहान असतानाच गेले. शिक्षण शाळेपुरतं, मग रेल्वेची नोकरी, मग बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर वीसेक वर्षं कंत्राटदारी. एका गाडीतला माल डोक्यावरून दुसऱ्या गाडीत. मजुरांबरोबर स्वतःही पाट्या उचलायचा. लग्न केलं नाही, बहीण मॅगी शेवटपर्यंत सोबत. पहाडी लोक त्याला ‘कार्पेट साहिब’ म्हणत.

आणि लेखक कधी झाला? १९३५ मध्ये स्वतःच्या खर्चाने एक छोटं पुस्तक काढलं, प्रती फक्त १००. दुसऱ्या महायुद्धात टायफसने तो अंथरुणाला खिळला आणि त्या आजारपणात जुन्या गोष्टी पुन्हा लिहायला घेतल्या. ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ मध्ये आलं आणि ते छापलं कुणी? ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने! संपादक होते रॉय हॉकिन्स. लेखक तेव्हा सत्तरीला टेकलेला. पहिल्या आवृत्तीची रॉयल्टी युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांच्या वसतिगृहाला गेली. १९४६ मध्ये अमेरिकेत बुक क्लबने ते उचललं आणि मग विक्रीला अंत राहिला नाही. १९४८ मध्ये हॉलीवूडने सिनेमाही काढला, त्याचा पुस्तकाशी फारसा संबंध नाही. त्यात वाघाने सगळ्यात चांगला अभिनय केला, असं कॉर्बेट म्हणाल्याचं सांगतात.

आता न पटणारी गोष्ट. १९३० मध्ये त्याने ‘पवलगढचा बॅचलर’ म्हणून ओळखला जाणारा प्रचंड वाघ मारला. नरभक्षक नव्हता. कुणाला त्रास दिल्याची तक्रार नव्हती. दहा वर्षं सगळ्या शिकाऱ्यांना हवी असलेली ट्रॉफी होती, एवढंच. आणि हे कधी, तर एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनअधिकाऱ्याचं वाघांच्या फोटोंचं पुस्तक १९२७ मध्ये येऊन गेल्यावर. चॅम्पियनचं पाहून कॉर्बेट कॅमेऱ्याकडे वळला, पुढे वाघांचं चित्रीकरणही केलं, १९३६ च्या नॅशनल पार्कमागेही तो होता. पण बंदूक एका दिवसात खाली ठेवली आणि संत झाला, अशी जी रील्स फिरतात ती खोटी आहेत. बॅचलरची गोष्ट तो लपवत नाही, स्वतःच लिहितो. फक्त इथे ‘का मारला’ हा प्रश्न तो स्वतःला विचारत नाही. इतरांच्या जखमा शोधणाऱ्या माणसाने हे एक पोस्टमॉर्टम अर्धंच सोडलं, असं मला वाटतं.

१९४७ मध्ये भाऊ-बहीण भारत सोडून केनियाला गेले. ज्या देशातल्या गरिबांना त्याने ‘माय इंडिया’ अर्पण केलं, तो देश सोडून. छोटी हल्द्वानी गावातली जमीन तिथल्या कुळांकडेच ठेवली. केनियात न्येरीला राहून तो लिहीत राहिला. फेब्रुवारी १९५२ मध्ये ‘ट्रीटॉप्स’ या झाडावरच्या हॉटेलात राजकन्या एलिझाबेथबरोबर तो होता, त्याच रात्री तिचे वडील वारले आणि ती राणी झाली. १९ एप्रिल १९५५ रोजी कॉर्बेट न्येरीतच गेला. नॅशनल पार्कला त्याचं नाव त्यानंतर लागलं, आणि १९७३ मध्ये प्रोजेक्ट टायगरची सुरुवातही त्याच जंगलातून झाली.

वाचायचा असेल तर माझा सल्ला: चंपावतपासून नको. आधी ‘द टेम्पल टायगर’ मधली मुक्तेश्वरची गोष्ट वाचा, साळिंदराची. मग रुद्रप्रयाग. आणि पवलगढ वाचलंत की तुम्हाला काय वाटलं ते मला नक्की कळवा, आमच्या टीममध्ये त्यावरून अजून वाद चालू आहे. भेटू पुढच्या भागात!