न झालेल्या गोलांचा हिशेब

आइस हॉकीत कीर्ती गोल करणाऱ्याची; अडवलेल्या गोलाची नोंद गुणफलकावर होत नाही. माँट्रियल कॅनेडियन्सचा बॉब गेनी मात्र त्यावरच मोठा झाला. तो आघाडीच्या फळीत खेळे, पण काम प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम आक्रमकाला जखडून ठेवण्याचे. १६ हंगामांतील १,१६० साखळी सामन्यांत त्याचे गोल अवघे २३९. १९७६ ते १९७९ माँट्रियलने सलग चार स्टॅन्ले चषक जिंकले. १९७९च्या बाद फेरीत सर्वोत्तम खेळाडू ठरला गेनी, तेही गी लाफ्लरसारखा गोलांचा धनी त्याच संघात असताना! १९७८मध्ये बचावात निपुण आघाडीपटूसाठी एनएचएलने फ्रँक सेल्की करंडक प्रथमच दिला. पहिली चारही वर्षे तो गेनीकडेच गेला. १९८६चा चषक माँट्रियलने त्याच्याच नेतृत्वाखाली जिंकला.