शर्यतीचा घोडा : पागेपासून औषधशाळेपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे नाव निघाले म्हणजे जगदंबेचे देवस्थान, पैनगंगेकाठचा मुलूख आणि कापसाची काळी जमीन ही डोळ्यांपुढे येतात; शर्यतीचा घोडा येत नाही. ह्या भागात पैज लागते ती बैलांवर. शंकरपटाचा नाद वऱ्हाडाच्या हाडीमाशी इतका खिळलेला आहे की २०१४ साली न्यायालयाने तो बंद केला तेव्हा गावोगाव हळहळ झाली, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास पुन्हा मार्ग मोकळा केला तेव्हा जातिवंत खोंडांच्या किमती हा चावडीवरील बोलण्याचा विषय झाला. घोड्याच्या शर्यतीचे जग ह्याहून फार दूरचे, मुंबई-पुण्याचे आणि श्रीमंतांचे. तथापि त्या जगाचा एक धागा केळापुरापर्यंत येऊन पोहोचतो, आणि तो धागा करमणुकीचा नसून जीविताचा आहे.

घोड्याच्या इतिहासात हा मुलूख एकदा ठळकपणे येऊन गेलेला आहे. एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याच्या परिसरात शिवणी येथे कर्नल अॅडम्स ह्याच्या फौजेने पळत्या बाजीरावाला गाठले आणि त्याचे सैन्य उधळून लावले. ज्या सैन्याचे सारे सामर्थ्य घोड्याच्या पायांत होते त्याची ही जवळजवळ अखेरचीच दौड. पेशवाई बुडाली, शिलेदार आणि बारगीर घरी बसले, आणि त्यांच्याबरोबर घोड्याची मागणीही सरली. भीमेच्या खोऱ्यात अरबी रक्ताच्या मिश्रणाने तयार झालेली काटक तट्टे पोसण्याचे कारणच उरले नाही. घोडा हे राज्य राखण्याचे साधन होते, ते हळूहळू हौसेचे साधन झाले.

हौसेचा घोडा मात्र वेगळा. इंग्रज लोक ज्यास ‘थरोब्रेड’ म्हणतात ती जात सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडात घडविली गेली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन ह्या पूर्वेकडून नेलेल्या तीन नरांपर्यंत आजच्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याचे पितृकुळ जाऊन भिडते. १७९१ साली ह्या घोड्यांची वंशावळ प्रथम छापली गेली, आणि तेव्हापासून ज्या शिंगराचे आईबाप त्या वहीत नाहीत त्यास ह्या जातीत प्रवेश नाही. आपल्याकडील लग्नाच्या याद्यांतही इतकी काटेकोर कुळपरीक्षा होत नसेल. नियम असा की नर आणि घोडी ह्यांचा प्रत्यक्ष संयोगच झाला पाहिजे. कृत्रिम रेतनाने झालेले शिंगरू नोंदले जात नाही. भारतातील ही नोंदवही पुण्यास ठेवली जाते.

मुंबईत शर्यती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून भायखळ्याच्या मैदानावर होत. १८८३ पासून त्या महालक्ष्मीस भरू लागल्या. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असा क्रम पडला तो आजतागायत चालू आहे. परंतु धावणारे घोडे पुष्कळ काळ बाहेरचेच असत. बसऱ्याकडून गलबतांतून आलेले अरबी घोडे, नाही तर विलायतेतून आणलेले थरोब्रेड. येथे जन्मलेल्या घोड्यास ‘देशी पैदाशीचा’ म्हणत, आणि त्या शब्दात कौतुकापेक्षा उपेक्षाच अधिक असे. दुसऱ्या महायुद्धाने आयात तोडली तेव्हा ही उपेक्षा परवडेनाशी झाली. १९४२-४३ च्या हंगामात भारतीय पैदाशीच्या घोड्यांसाठी मानाच्या शर्यती सुरू झाल्या, आणि पहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या गायकवाडांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ह्या घोडीने जिंकली. प्रतापसिंहराव गायकवाडांचा ह्या क्षेत्रातील थाट विलक्षण होता. १९४५ साली त्यांनी इंग्लंडात २८,००० गिनी देऊन एक वर्षाचे शिंगरू घेतले. वर्षाच्या शिंगरास तोवर एवढी किंमत कोणी दिली नव्हती. त्याचे नाव त्यांनी ‘सयाजीराव’ ठेवले, आणि त्या घोड्याने १९४७ ची सेंट लेजर जिंकून पैसे देणाऱ्याची शोभा होऊ दिली नाही. १९५१ साली महाराजांचे पद गेले. एका संस्थानाच्या खजिन्यावर उभी असलेली पागा त्या खजिन्याहून दीर्घायुषी होऊ शकत नाही, हे तेव्हा दिसून आले.

ह्याच सुमारास, १९४६ साली, पुण्याजवळ हडपसर येथे सोली पूनावाला ह्या पारशी गृहस्थांनी घोड्यांचे पैदासकेंद्र काढले. पुढे त्यांचे पुत्र सायरस आणि झवारे ह्यांनी ते एकत्र चालविले. राजाची हौस आणि व्यापाऱ्याचा व्यवहार ह्यांतील भेद येथे लक्षात घेण्याजोगा आहे. राजास हिशेब द्यावयाचा नसतो. भागीदारास तो दर वर्षी द्यावा लागतो, आणि घोड्याच्या धंद्यात तो देणे फार अवघड.

अवघड का, ते कापूस पिकविणाऱ्यास चटकन उमगेल. त्याचे नशीब सहा-सात महिन्यांत कळते. घोडी अकरा महिने गाभण असते. शिंगरू जन्मल्यावर पाच-सहा महिन्यांनी आईपासून तोडतात, दीड वर्षाच्या सुमारास त्यास लगाम आणि खोगीर ओळखीचे करतात, दुसऱ्या वर्षी ते प्रथम मैदानावर येते, आणि इंडियन डर्बी तर चार वर्षांच्या घोड्यांची असते. सर्व घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते. तेव्हा फेब्रुवारीतल्या डर्बीसाठी घोडा हवा असेल तर त्याच्या आईबापांची निवड पाच वर्षे आधी झालेली पाहिजे! ह्या पाच वर्षांत दाणा, वैरण, मोतद्दार, पशुवैद्य ह्यांचा खर्च एक दिवसही थांबत नाही. पोटशूळाने एका रात्रीत घोडा दगावतो, पायाचे नाजूक हाड मोडते. १९६० साली आफ्रिकेतून पसरलेली अश्वरोगाची साथ भारतात शिरली, तेव्हा लस टोचून घेणे हाच पागा वाचविण्याचा उपाय ठरला. इतका दीर्घ आणि आंधळा धोका एकट्याने पत्करणे शहाणपणाचे नव्हे, म्हणूनच ह्या धंद्यात जगभर भागीदारी दिसते. पाश्चात्त्य देशांत तर एकाच नराचे चाळीस हिस्से पाडण्याचा प्रघात पडला. प्रत्येक हिस्सेदारास दर हंगामात आपली एक घोडी त्याच्याकडे नेण्याचा हक्क.

भागीदारी तोटा वाटून घेते, परंतु तो नाहीसा करीत नाही. शर्यतीत जिंकणारा एकच असतो. ज्यांच्या जन्मदात्यांची कुळी निर्दोष, ज्यांच्यावर खर्च सारखाच झालेला, असे बहुसंख्य घोडे मानाची शर्यत कधीच जिंकीत नाहीत. आणि जिंकणारेही सहा-सात वर्षांचे होईतो बाजूस पडतात. घोडा मात्र वीस-पंचवीस वर्षे जगतो. पैदाशीस निवडलेल्या मोजक्यांखेरीज उरलेल्यांचे काय करावयाचे? शर्यतीच्या मैदानावरील झगमगाटात हा प्रश्न कोणी उच्चारीत नाही. पागेच्या हिशेबात तो रोज सकाळी उभा असतो.

हडपसरच्या पागेत ह्याचे एक उत्तर रूढ होते. निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेस देण्यात येत. १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी निघालेल्या ह्या संस्थेत घोड्यांच्या रक्तातून औषधी द्रव, म्हणजे सीरम, तयार करीत असत. त्यामागील तत्त्व बेहरिंग आणि किटासाटो ह्यांनी १८९० साली दाखवून दिले होते. प्राण्यास विष अत्यल्प मात्रेत, हळूहळू वाढवीत टोचले की त्याच्या रक्तात त्या विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये निर्माण होतात, आणि ती द्रव्ये दुसऱ्याच्या शरीरात घातली असता त्यालाही वाचवितात. घोडा मोठा, त्याचे रक्त पुष्कळ आणि स्वभाव माणसाळलेला, म्हणून त्याची निवड झाली.

सायरस पूनावाला हे १९४१ साली जन्मलेले. तरुणपणी त्यांना मोटारींचे वेड होते, आणि एका मित्राच्या साहाय्याने शर्यतीच्या मोटारीचा एक नमुनाही त्यांनी बनविला होता. पण मूठभर धनिकांच्या चैनीची वस्तू करण्यास लागणारे भांडवल आपल्यापाशी नाही, हे त्यांस उमगले. मग एका पशुवैद्याशी झालेल्या बोलण्यातून त्यांच्या ध्यानात आले की, जे घोडे आपण दुसऱ्यास देऊन टाकतो त्यांच्यापासून सीरम काढावयास लागणारी मुख्य सामग्री आपल्या दारातच आहे : जमीन आणि घोडे. काही घोडे लिलावात विकून भांडवलाचा एक भाग उभारण्यात आला, आणि १९६६ साली दोघा भावांनी सीरम इन्स्टिट्यूट ही संस्था काढली. पुढल्याच वर्षी धनुर्वातावरील सीरम बाजारात आले. ह्यात परोपकार किती आणि व्यापार किती, ह्याची वाटणी करीत बसण्याचे प्रयोजन नाही. पाच वर्षांनी फळ देणाऱ्या, बेभरवशाच्या धंद्यास रोज खप असलेल्या मालाची जोड मिळाली, ही गोष्ट भागीदाराच्या दृष्टीने पुरेशी आहे. पुढे त्या संस्थेतून सर्पदंशावरील सीरमही निघाले, आणि गोवराच्या लसीपासून २०२१ सालच्या कोविशील्डपर्यंतचा तिचा विस्तार सर्वश्रुत आहे. घोड्यांची पैदास मात्र भावांनी सोडली नाही.

आता केळापूर. कापूस वेचताना झाडाच्या बुडाशी हात घालावा लागतो; रात्री वीज असेल तेव्हा पाणी द्यावयास शेतात जावे लागते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चौघांची गाठ पडते ती अशा वेळी. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतील. पांढरकवड्याच्या रुग्णालयात अशा रोग्यास जी कुपी फोडून देतात तिच्यातील पांढरी भुकटी कोणत्या ना कोणत्या घोड्याच्या रक्तातून आलेली असते. तिच्या एका मिलिलिटर द्रावणाने नागाचे आणि घोणशीचे प्रत्येकी ०·६० मिलिग्रॅम, मण्यारीचे आणि फुरशाचे प्रत्येकी ०·४५ मिलिग्रॅम विष मारले जावे, असे मान भारतात ठरलेले आहे. एका रोग्यास आरंभीच आठ-दहा कुप्या लागतात. घोड्याचे प्रथिन माणसास परके, म्हणून कधी अंगावर पित्त उठते, कधी रक्तदाब कोसळतो, आणि डॉक्टर उशाशी उभा राहणे अगत्याचे ठरते. मांत्रिकाकडे घालविलेला तास मात्र कोणतीच कुपी भरून काढू शकत नाही.

घोड्यासही ह्याची किंमत मोजावी लागते. विषाच्या टोचण्यांनी कातडीखाली गाठी येतात, जखमा होतात. वारंवार रक्त काढल्याने अशक्तता येते. रक्तातील तांबड्या पेशी वेगळ्या करून पुन्हा त्याच घोड्याच्या अंगात सोडण्याची पद्धत आली तेव्हा हा भार पुष्कळ हलका झाला. ह्या कामासाठी त्याच्या वंशावळीचा दाखला कोणी मागत नाही. अंगाने भरलेले, निरोगी जनावर असले म्हणजे झाले, मग ते तट्टू असो वा खेचर. डर्बीत मागे पडलेला, कुळीने निर्दोष असा घोडा आणि बाजारात घेतलेले निनावी तट्टू सीरमच्या तबेल्यात एकाच दावणीला बांधता येतात.