अष्टांगहृदय: पोथीतून छापील ग्रंथात कसं आलं?

अष्टांगहृदय हा वाग्भटाचा आयुर्वेदावरचा संस्कृत ग्रंथ. तो साधारण सातव्या शतकातला मानला जातो. ग्रंथ पद्यात असल्याने पाठ करायला सोपा. त्यामुळे वैद्यांकडे तो पाठांतराने आणि हस्तलिखित पोथ्यांतून चालत आला. अकराव्या शतकात त्याचं तिबेटी भाषांतर झालं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने त्यावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली.

छपाई कधी झाली?
१८८० मध्ये अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अरुणदत्ताच्या टीकेसह हा ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध केला. १९३९ मध्ये निर्णयसागर प्रेसने हरिशास्त्री पराडकर यांनी संपादित केलेली, दोन्ही टीका असलेली आवृत्ती काढली. अभ्यासक आजही ती वापरतात.

मग जुन्या पोथ्या कशाला जपायच्या?
हाताने नक्कल करताना एखादं अक्षर चुकलं, तरी वनस्पतीचं नाव किंवा औषधाचं माप बदलू शकतं. अशा चुका आणि पाठभेद अनेक पोथ्या ताडून पाहिल्यावरच कळतात. सातारा जिल्ह्यात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह आहे. सातारा-सांगलीकडे तुमच्या घरी माळ्यावर जुनी पोथी असेल, तर ती रद्दीत देऊ नका. आधी जाणकाराला दाखवा.