जुन्या मोटारसायकलींच्या इंजिनपेटीतील भेगा

यंत्रांचा इतिहास लिहिताना शक्ती आणि वेग यांचे आकडे आवर्जून दिले जातात. काय मोडले, कोठे मोडले, याची नोंद सहसा होत नाही. वस्तुतः मागणी रचनेच्या पुढे केव्हा गेली हे मोडलेल्या भागावरून जितके कळते तितके जाहिरातीवरून कळत नाही. मोटारसायकलीची क्रँककेस, म्हणजे क्रँक व त्याची बेअरिंगे पोटात घेणारी अॅल्युमिनियमची ओतीव पेटी, हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

नॉर्टन कंपनीने 1948 साली मांडलेले दुहेरी सिलिंडरचे इंजिन 497 घन सेंटिमीटरचे होते. तेच पुढे 596, 646, 1962 मध्ये 745 आणि 1973 मध्ये 828 पर्यंत वाढविण्यात आले. दट्ट्यांचा धक्का वाढत गेला, पण पेटीची मूळ मांडणी दीर्घकाळ तशीच राहिली. परिणामी मुख्य बेअरिंगाभोवतालची भिंत फाटू लागली. अखेर 828 च्या वेळी पेटी बळकट करावी लागली. याउलट मद्रासची बुलेट पाहावी. 1955 साली तेथे एन्फील्ड इंडिया स्थापन झाली. रेडिचचा मूळ कारखाना 1967 मध्ये बंद पडल्यावरही 350 ची जुनी रचना येथे दशकानुदशके चालू राहिली. तिला मागासलेली म्हणून हिणवले जाई. परंतु दाब कमी आणि शक्ती माफक असल्याने तिच्या पेटीवर नॉर्टनसारखा वाढता भार कधी पडला नाही. हे श्रेय तिला द्यावयास हवे.

भाषेच्या अभ्यासकाने येथे एक शंका उपस्थित करणे गैर होणार नाही. ‘पेटीला तडा गेला’ असे आपण म्हणतो. तडा काचेला जातो, भिंतीला जातो, आणि तो एकाएकी गेल्यासारखा वाटतो. अॅल्युमिनियमचे वर्तन निराळे आहे. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा सोसता येतो. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी निश्चित मर्यादा नाही, प्रत्येक आवर्तनाचा हिशेब साठत जातो. कोपऱ्यात, बोल्टच्या भोकाशी, ओतकामातील पातळ जागी सूक्ष्म चीर सुरू होऊन वर्षानुवर्षे वाढते. टाचेला वा उन्हाळ्यात शेताला पडते तशी ती भेग होय. शब्द चुकला की निदानही चुकते. मालक कालच्या खड्ड्याला दोष देतो.

अर्थात आकस्मिक कारणेही असतात. साखळी तुटून पुढच्या दातेरी चाकाशी गोळा झाली की पेटीचा तुकडाच उडतो. महाड तालुक्यातील तुडीलसारख्या गावाहून देशावर जावयाचे तर वरंध किंवा आंबेनळी घाट चढावा लागतो, आणि खालच्या गिअरमधील त्या चढणीत साखळी व पेटी दोहोंची परीक्षा होते. बुलेटची पेटी चिरली तर तेल झिरपते, गाडी कशीबशी घरी येते. म्हैसूरला 1961 पासून 1996 पर्यंत बनलेल्या जावा–येझदीची गोष्ट वेगळी. दोन धावांच्या त्या इंजिनात इंधनमिश्रण पेटीतच दाबले जाते. चिरेतून हवा शिरली की मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि दट्ट्या जाम होण्याचा संभव असतो.

जोडकाम सोपे नाही. धातू सुमारे 660 अंश सेल्सियसला वितळतो, पण त्यावरील ऑक्साइडचा थर 2000 अंशांच्याही पुढे. आर्गनच्या वेल्डिंगने तो फोडता येतो. तरी वर्षांचे तेल प्यालेल्या पेटीत जोड सच्छिद्र होतो, उष्णतेने बेअरिंगची बैठक वाकडी होते. चिरेच्या टोकाशी बारीक भोक पाडून ती थोपविण्याचा उपायही तात्पुरताच. मग नवी पेटी का घेऊ नये? इंजिनाचा क्रमांक पेटीवरच ठोकलेला असतो आणि तोच नोंदणीपुस्तकात असतो. पेटी बदलली की परिवहन कार्यालयात नवी नोंद करून घेणे आले. शिवाय जुन्या गाड्यांच्या शौकिनांत मूळ क्रमांकाला मोल असते. ताम्रपट फुटला म्हणून कोणी नवा पत्रा कोरून घेत नाही. ज्या भागावर अक्षरे आहेत तो जपून, भोवतालचे डागण्याकडेच मालकांचा कल दिसतो.