वाढप्यांची पंगत

आमच्या गावी लग्नकार्यात शेवटची पंगत उठली, की घरचे यजमान हाक देत, "चला, आता वाढप्यांची पंगत बसू द्या!" ती हाक ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. पुढे पोटासाठी मुंबईस आलो आणि एका बड्या हॉटेलच्या भोजनगृहात वेटर म्हणून लागलो. तेथे तेरा वर्षे वाढण्याचे काम केले. तेवढ्या काळात ती हाक मला एकदाच ऐकू आली. ती हकीकत शेवटी सांगेन. आधी ही टेबलावरची रीत आली कोठून, ते सांगतो.

आमचे कॅप्टन गोव्याचे. मुंबईची हॉटेले आणि परदेशी जाणाऱ्या बोटी यांतून गोव्याच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढले आहे. पहिल्याच दिवशी कॅप्टन मला म्हणाले, "पोरा, पदार्थ डावीकडून पुढे करायचा, रिकामी प्लेट उजवीकडून उचलायची, आणि आपण दमलोय हे पाहुण्याला कळू द्यायचे नाही."

ही शिस्त आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत फ्रान्समधील बड्या मेजवान्यांत एका फेरीचे सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडीत. हाताशी येईल ते घ्यावे, शेजाऱ्यालाही द्यावे. थाट राजेशाही, पण गप्पा रंगेपर्यंत अन्न निवून जाई. अलेक्झांडर कुराकिन हे १८०८ ते १८१२ या काळात पॅरिसमध्ये रशियाचे वकील होते. एकामागून एक पदार्थ स्वयंपाकघरातून आणून प्रत्येकाला वाढण्याची रशियन पद्धत तेथे आणल्याचे श्रेय त्यांना देतात. पुढे उर्ब्यां द्युब्वा या फ्रेंच बल्लवाचार्याने तिचा पुरस्कार केला आणि शतकाच्या उत्तरार्धात ती युरोपात रूढ झाली. अन्न गरम मिळू लागले. टेबलाच्या मध्यभागी फुलांना जागा झाली. पुढे काय येणार ते दिसेना, म्हणून पदार्थांची यादी लिहून समोर ठेवण्याची गरज पडली. पण जे काम पूर्वी पाहुण्यांचे हात करीत, ते सारे वाढणाऱ्याच्या अंगावर आले.

या वाढणाऱ्यांतला सर्वांत नामांकित पुरुष म्हणजे सेझार रिट्झ. १८५० साली स्वित्झर्लंडमधील निडरवाल्ड या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला, भावंडांत तेरावा. हॉटेलच्या धंद्याला तू लायक नाहीस, असे सांगून पहिल्या मालकाने त्याला काढून टाकल्याचे सांगतात. १८६७ साली तो पॅरिसला गेला आणि हलकीसलकी कामे करीत व्हॉयझँ या प्रसिद्ध रेस्टॉरंटात वेटर झाला. कोणत्या पाहुण्याला काय आवडते, हे त्याच्या ध्यानात पक्के राही. या एका गुणावर तो चढत गेला आणि १८९८ साली पॅरिसमध्ये त्याच्याच नावाचे हॉटेल उभे राहिले.

जून १९०२ मध्ये लंडनला सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची तयारी चालली होती. तेथील कार्लटन हॉटेलात रिट्झने मेजवान्यांचा मोठा बेत आखला होता. समारंभ दोन दिवसांवर आला असता राजाचे पोटाचे ऑपरेशन करावे लागले आणि सारे पुढे ढकलले गेले. इतके दिवस न दाखवलेला थकवा एकदम बाहेर आला. रिट्झ कोसळला, तो पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. १९१८ साली तो वारला. लोकांच्या ताटाची काळजी वाहणाऱ्या त्या माणसाची आठवण मला त्या दिवाळीत फार झाली.

पाडव्याची रात्र होती. एक वृद्ध गृहस्थ मुलासुनेबरोबर आले. पाहतो तो आमचे गावचे गुरुजी! मी प्लेट उचलू लागलो तेव्हा त्यांनी चष्म्यातून निरखून पाहिले.

"अरे, तू जेवलास का?"

"हो गुरुजी," मी खोटेच बोललो. सकाळी अकरापासून पोटात फक्त चहा होता.

मुलगा कॉफी मागवणार, तोच गुरुजी काठी टेकून उठले. म्हणाले, "चला रे, आता उठू या. वाढप्यांची पंगत अजून बसायची आहे."